निशिगंधाची छडी कापताना

फुलांची हौस नाही असे घर आपल्याकडे शोधून सापडायचे नाही. पण फुलझाडांची हौस आणि फुलांची हौस या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार माणसांच्या घरात राहिल्याखेरीज कळत नाही. झाडाची हौस असणाऱ्याला फूल झाडावरच हवे असते. त्याला कुणी हात लावला की त्याच्या पोटात कालवाकालव होते. फुलाची हौस असणाऱ्याला ते देव्हाऱ्यात, वेणीत, नाही तर बैठकीच्या खोलीतल्या फ्लॉवरपॉटमध्ये हवे असते. अशी दोन्ही माणसे एका छपराखाली नांदत असली, म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्यांवरूनही महाभारत घडू शकते.

आमच्या ठाण्याच्या घरी पहिल्या पक्षाच्या पुढारी माझ्या सासूबाई होत्या आणि दुसऱ्या पक्षात मी एकटी. पूजेसाठी त्या सकाळी तगरीची मोजकी फुले घेत आणि खाली अंगणात पडलेला पारिजातक वेचून आणीत. "झाडाने आपण होऊन दिलेलं तेवढंच आपलं," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे 2018 च्या मे महिन्यात मी गॅलरीत निशिगंधाचे कंद लावले, तेव्हा भांडणाचे बी मी आपल्या हाताने पेरते आहे याची मला पुरती कल्पना होती. कारण निशिगंध हे मुळी कापण्याचेच फूल!

घायपाताचा धाकटा भाऊ

निशिगंधाला आपल्याकडे गुलछडी असेही म्हणतात. फुलबाजारात तर हेच नाव अधिक चालते. हिंदी आणि बंगालीत तो रजनीगंधा झाला, कानडीत सुगंधराज, आणि दूर इंडोनेशियात त्याला 'सेदाप मालाम' म्हणजे 'रात्री गोड' असे लाडके नाव आहे. नावे अशी घरगुती असली तरी फूल मात्र आपले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको. तेथल्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेत त्याला 'हाडाचे फूल' अशा अर्थाचे नाव होते. त्याचा हस्तिदंती पांढरा रंग पाहिला की हे नाव का पडले ते उमगते. गंमत अशी की त्या माहेरीही आज ते रानात उगवलेले आढळत नाही. माणसाच्या हाताला ते इतके सरावले आहे की माणसावाचून त्याचे चालत नाही.

त्याच्या इंग्रजी नावात 'रोज' ऐकू येते म्हणून पुष्कळांना ते गुलाबाचे नातलग वाटते. ते नाव 'फुगीर कंदाचे' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. गुलाबाचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याचे खरे नातेवाईक ऐकाल तर चकित व्हाल. शेताच्या बांधावर काटेरी पाती पसरून बसणारा आणि दोरखंडाला वाख पुरवणारा घायपात हा त्याचा सख्खा भाऊबंद! वनस्पतिशास्त्रज्ञांनी तर अलीकडे निशिगंधाला घायपाताच्याच प्रजातीत नेऊन बसवले आहे. घायपात बरीच वर्षे वाढतो, आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतो, आणि बुडाशी पिले ठेवून मरतो. निशिगंधाचा कंदही तेच करतो, फक्त लहान प्रमाणावर. एका कंदातून एकच छडी निघते. ती फुलून गेली की तो कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या अंगाला लागलेली पिले पुढचा संसार सांभाळतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे निशिगंधाचे निम्मे बागकाम समजले.

सिंगल की डबल?

बाजारात दोन जाती मुख्यतः दिसतात. सिंगलमध्ये पाकळ्यांची एकच रांग. हा शुभ्र आणि वासाला सगळ्यांत जोरकस. हारांत, वेण्यांत आणि गजऱ्यांत ओवतात तो हाच, आणि सुटी फुले किलोवर विकली जातात ती याचीच. डबलमध्ये पाकळ्यांच्या तीनहून अधिक रांगा. कळीवर किंचित गुलाबी झाक, दांडा भरदार. फुलदाणीत शोभतो तो डबल. त्याच्या छड्यांच्या जुड्या बांधून विकतात. मात्र डबलच्या सगळ्या कळ्या उमलत नाहीत आणि वासही सिंगलइतका दरवळत नाही. म्हणून ज्याला एकच कुंडी ठेवायची आहे त्याने सिंगल लावावा, असे मी सांगेन. डोळ्यांना थोडे कमी मिळेल, पण घर भरून जाईल.

आपल्या संशोधकांनी यात पुष्कळ भर घातली आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत कंदांवर गॅमा किरण सोडून 'रजत रेखा' आणि 'सुवर्ण रेखा' या पानांवर पट्टे असलेल्या जाती निर्माण झाल्या. पहिली सिंगल, दुसरी डबल. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या 'शृंगार', 'सुवासिनी', 'प्रज्वल' आणि 'वैभव' या जाती प्रसिद्ध आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' ही सिंगल जात तर आपल्या घरचीच.

कुंडीतला संसार

आता लागवडीकडे वळू. आपल्या हवेत एप्रिल आणि मे हे कंद लावायचे महिने. कंद घेताना तो हातात घेऊन दाबून पाहावा. कांद्यासारखा टणक, तर्कूसारखा मध्ये फुगीर आणि सुमारे 30 ग्रॅम वजनाचा असावा. स्वस्त मिळाले म्हणून बारीक कंद घेतले तर पहिले वर्ष नुसती गवतासारखी पाने पाहण्यात जाते.

कुंडी 10 ते 12 इंच तोंडाची हवी, आणि बुडाला भोक मोकळे हवे. दोन भाग माती, एक भाग जुने शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग वाळू, आणि वर मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण माझ्या कुंड्यांना मानवले आहे. एका कुंडीत तीन किंवा चार कंद पुरेत. टोक वर करून ते दोन इंच खोल लावावेत. जमिनीत लावणाऱ्यांनी दोन कंदांत वीतभर अंतर सोडावे.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आवरावा. निशिगंध तहानेने क्वचित मरतो. कुजून मात्र हमखास मरतो. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली असेल तर बाजूला घ्यावी, कुंडीखालची ताटली काढून टाकावी. ऊन मात्र सढळ हवे, दिवसाचे निदान सहा तास. ज्या गॅलरीत साडी वाळत नाही तेथे निशिगंध फुलत नाही, असे मी मैत्रिणींना सांगते.

मुळांना गाठी येऊन झाड खुरटले तर ते सूत्रकृमींचे काम असते. जवळ झेंडू लावल्याने त्यांचा उपद्रव कमी होतो, म्हणजे दसरा-दिवाळीच्या झेंडूचा हा आणखी एक उपयोग. पिठ्या ढेकूण दिसला तर फडके ओले करून पुसून काढावा. कुंडीच्या बागेत याहून मोठी शस्त्रे लागत नाहीत.

एवढे केले की साधारण तीन महिन्यांत पानांच्या झुबक्यातून दांडा डोके वर काढतो आणि पाहता पाहता कंबरेएवढा होतो. त्यावर कळ्यांच्या जोड्या खालून वर रचलेल्या असतात आणि खालच्या आधी उमलतात. मेमध्ये लावलेले कंद श्रावण-भाद्रपदात फुलू लागतात आणि दिवाळीपर्यंत एकामागून एक छडी देत राहतात.

तिन्हीसांजेचा कायदा

आमच्या घरी पहिली छडी आली आणि अपेक्षेप्रमाणे खटला उभा राहिला. निशिगंध दिवेलागणीला दरवळू लागतो. लांब नळीचे पांढरे फूल आणि रात्रीचा वास, हे सारे निसर्गाने रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलावण्यासाठी योजलेले आहे. त्यामुळे मनुष्यप्राण्यालाही त्याची आठवण नेमकी संध्याकाळीच होते. मी सुरी घेऊन गॅलरीत गेले की सासूबाई माळ ओढता ओढता म्हणत, "तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये. झाडं झोपतात."

बागकामाच्या पुस्तकांत लिहिलेले असते की छडी पहाटे किंवा ऊन उतरल्यावर कापावी. दुपारी कधीही नाही. कारण उघड आहे. दिवसाच्या उन्हात झाडातले पाणी पानांवाटे उडून गेलेले असते, आणि रात्रभरात ते पुन्हा दांड्यात भरते. पहाटे दांडा पाण्याने टच्च असतो, तेव्हा कापलेली छडी अधिक टिकते. म्हणजे संध्याकाळ चालते, पण पहाट उत्तम. हे वाचल्यावर मी सासूबाईंचा कायदा बिनशर्त मान्य करून टाकला. सहा वाजता उठून छडी कापायची, दिवसभर ती पाण्यात राहते, आणि दिवे लागले की वास सुटतोच. निम्मा खटला निकालात निघाला.

उरलेला निम्मा अवघड होता. "पण कापायचंच कशाला?" हा त्यांचा मूळ प्रश्न. जगदीशचंद्र बोसांचे नाव त्यांना शाळेपासून पाठ होते. वनस्पतींनाही जाणीव असते, हे त्यांनी सांगितले की माझे तोंड बंद होई.

या प्रश्नाचे उत्तर मला अत्तरांच्या इतिहासात मिळाले. फ्रान्सच्या दक्षिणेला ग्रास नावाचे गाव आहे. सुगंधी द्रव्यांसाठी ते जगप्रसिद्ध. तेथे गुलाबाचा अर्क वाफेने काढीत. पण जाई आणि निशिगंध या दोन फुलांसाठी निराळीच रीत होती. काचेच्या तावदानांवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा, त्यावर ताजी फुले पसरायची आणि एक-दोन दिवस तशीच ठेवायची. मग ती काढून नवी पसरायची. असे अनेक दिवस केले की चरबी सुगंधाने तृप्त होई. एवढा खटाटोप कशासाठी? तर ही फुले खुडल्यानंतरही सुगंध निर्माण करीतच राहतात. गुलाब खुडला की त्याच्यात जेवढा वास असेल तेवढाच. निशिगंध खुडला तरी त्याचा कारखाना चालू असतो. आज ही खर्चिक रीत जवळजवळ बंद पडली आहे आणि फुले द्रावणात भिजवून अर्क काढतात. आपल्या तमिळनाडूतही हा उद्योग चालतो. पण त्या जुन्या कारागिरांनी जे ओळखले होते ते खरेच आहे.

मी हे सासूबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "म्हणजे कापल्यावरही त्याला काम असतं तर!" त्या दिवसापासून कापण्याला विरोध राहिला नाही, पण अटी लागू झाल्या. एका वेळी एकच छडी. देवाच्या हाराला वेगळी, फुलदाणीला वेगळी. आणि धारदार सुरी. पिरगाळून तोडायचे नाही.

पाण्यातले आठ दिवस

शेवटची अट शास्त्राला धरूनच होती. पिरगाळलेल्या दांड्याच्या नळ्या चेपतात आणि कंदालाही इजा होते. सुरीने बुडाशी दोन बोटे दांडा ठेवून एका घावात कापावे. फुलदाणीसाठी खालच्या एक-दोन जोड्या उमलल्या की छडी कापायला योग्य झाली. सगळ्या कळ्या मिटलेल्या असताना कापली तर पुष्कळशा कळ्या तशाच सुकतात. अर्धी फुलल्यावर कापली तर घरात येऊन चारच दिवस राहते.

कापलेली छडी ताबडतोब पाण्याच्या बादलीत बुडवावी. मग दांड्याचे टोक पाण्यातच धरून पुन्हा अर्धा इंच तिरके कापावे. कापलेल्या टोकातून नळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते. पाण्याखाली कापल्याने ती वाट मोकळी होते. बाजारातून आणलेल्या छड्यांना तर हे केलेच पाहिजे. बिचाऱ्या पहाटेपासून कोरड्या असतात!

फुलदाणी आतून घासलेली असावी. एक लिटर पाण्यात दोन चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. साखर वरच्या कळ्यांना उमलण्याची ताकद देते आणि आंबटपणामुळे पाणी चटकन नासत नाही. मात्र साखरेच्या पाण्याला बुळबुळीत थर लवकर येतो, म्हणून पाणी रोज बदलावे आणि दर वेळी दांड्याचे टोक थोडे छाटावे. खालची फुले मलूल झाली की खुडून टाकावीत. पंख्याचा झोत, खिडकीचे ऊन आणि पिकलेल्या केळ्यांचा घड यांच्यापासून छडी दूर ठेवावी. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू कापलेल्या फुलांना लवकर म्हातारे करतो. इतकी उस्तवार केली की छडी आठवडाभर सहज राहते, कधी आठ-नऊ दिवसही.

बासू चॅटर्जींचा 1974 सालचा 'रजनीगंधा' चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना आपल्या अमोल पालेकरांनी विद्या सिन्हांसाठी आणलेल्या या छड्या आठवत असतील. फुलदाणीतला निशिगंध घरातल्या माणसाची वाट कसा पाहतो, ते त्या चित्रपटात दिसते.

खाटेजवळची छडी

2019 च्या श्रावणात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली, पण चार महिने अंथरूण सुटले नाही. दिवसभर पायावर असलेले माणूस आढ्याकडे पाहत पडून राहिले. आठ पावलांवर असलेली गॅलरी त्यांना काशी-रामेश्वराइतकी लांब झाली. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळेल, पण मन लागलं पाहिजे."

त्या वर्षी कुंड्यांत कंदांची पिले वाढून चांगली नऊ छड्यांची तयारी दिसत होती. एका संध्याकाळी वास आत गेला असावा. त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, फुलला का गं?"

"हो, आई. दोन जोड्या उमलल्यात."

थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या पहाटे एक छडी आत आण. मला आता झाडापाशी जाता येत नाही, तर फुलालाच यावं लागेल."

आयुष्यभर फूल झाडावर राहावे म्हणून झगडलेल्या बाईने छडी मागावी, हे ऐकून माझा मात्र आवाज फुटेना. दुसऱ्या दिवशी छडी त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावर उभी राहिली आणि तिच्याबरोबर त्यांना एक कामही मिळाले. रोज सकाळी मलूल झालेली फुले त्या स्वतः खुडीत, किती उमलली ते मोजीत, पाणी बदलायला उशीर झाला की मला रागावत. हात वर पोचेना तेव्हा उशी टेकून उठून बसू लागल्या. फुलाने हाड जोडले असे मी म्हणत नाही. पण बसायला ज्या बाईला दोघांचा आधार लागत होता, ती कार्तिकात सुकलेली कळी खुडण्यासाठी आपली आपण बसली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या वर्षी दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा हार त्यांनी अंथरुणावर बसून आमच्याच सिंगलच्या फुलांचा ओवला.

कंदाचे देणे

छड्या कापल्या की पुष्कळांचे निशिगंधाकडे दुर्लक्ष होते. खरे तर तेव्हाच त्याचे देणे फेडायचे असते. पाने हिरवी असेपर्यंत कापू नयेत. त्यांच्याच कमाईवर पिले पोसतात. पंधरा दिवसांनी एकदा थोडे खत द्यावे. तीन वर्षे कंद जागेवर ठेवले तरी चालतात, पण कुंडीत लवकर दाटी होते. माघ-फाल्गुनात पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, कुंडी पालथी करावी, माती झाडून पिले वेगळी करावीत. सावलीत वाळवून ती जाळीच्या पिशवीत चार-सहा आठवडे टांगून ठेवावीत. मोठी तेवढी यंदासाठी, बारीक तेवढी वेगळ्या कुंडीत, पुढल्या वर्षासाठी.

2020 च्या मार्चमध्ये आम्ही कंद काढले आणि त्याच महिन्यात टाळेबंदी आली. बाहेर फुलबाजार बंद पडले, शेतकऱ्यांची फुले शेतातच राहिली. आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सासूबाई कंद निवडीत बसल्या होत्या. शेजाऱ्यांसाठी त्यांनी पिशव्या बांधल्या आणि दर पिशवीत चिठ्ठी घातली: 'पाणी कमी, ऊन पुष्कळ, कापायचे ते पहाटे.' त्यांच्या वळणदार अक्षरातली ती चिठ्ठी आमच्या इमारतीत आजही दोघी-तिघींनी जपून ठेवली आहे.

सासूबाई 2022 मध्ये गेल्या. त्या पहाटेही मी एक छडी कापली. लग्नाच्या मांडवात आणि अखेरच्या प्रवासात एकच फूल चालावे, हे निशिगंधाचेच भाग्य. त्यांनी निवडलेल्या कंदांची पिले आज चार मजल्यांवरच्या गॅलऱ्यांत फुलतात, आणि भाद्रपदातल्या संध्याकाळी जिना चढताना कुठल्या घरची छडी उमलली हे वासावरून ओळखण्याचा खेळ मुले खेळतात.

तेव्हा वाचक भगिनींनो, या दिवाळीत बाजारातून दोन छड्या अवश्य आणा, पाण्याखाली त्यांचे टोक छाटा आणि घरातल्या अशा कोपऱ्यात ठेवा की जिथल्या माणसाला बागेपर्यंत जाता येत नाही. आणि फाल्गुनात कुणाच्या कुंडीत दाटी झालेली दिसली, तर संकोच न करता चार कंद मागून घ्या. निशिगंधवाल्याला ते द्यावेच लागतात; न दिले तर पुढच्या वर्षी त्याच्याच कुंडीत छडी यायची नाही.